मशीन पास, चकती नापास

आमच्याकडे डिस्क प्लेअर घेऊन येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "ताई, कालपावत चांगलं चाली ऱ्हायनं व्हतं." काल चालत होतं हे मलाही कळतं हो, चालत नसतं तर विकत कशाला घेतलं असतं! पण ते वाक्य ऐकल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नसे. पेशंटच्या नातेवाइकाला आधी बोलू द्यावं लागतं.

आता डिस्क प्लेअर माझ्या दुकानात क्वचित येतो. लोकांच्या हातात मोबाइल आले आणि चकत्या गेल्या शेतात, पाखरं हाकलायला. कळसाडीपासून धानोऱ्यापर्यंत कुठल्याही वावरात बघा, काठ्यांना बांधलेल्या चकत्या उन्हात चमकत असतात. जिच्यासाठी अख्खी गल्ली गोळा व्हायची, तिच्याकडे आता फक्त चिमण्या बघतात. वाईट वाटतं. पण दिवाळी अंकात रडगाणं गायचं नाही, असं मी ठरवलंय. म्हणून या धंद्यातला सगळ्यात हसवणारा दिवस सांगते. त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता, ही गोष्ट वेगळी.

मी सुरेखा. माहेर कोरीट. नंदुरबारला आयटीआय केलं, वर्गात मुलगी म्हणून मी एकटीच, आणि घराच्या ओट्यावर दुरुस्तीचं दुकान थाटलं. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना शेतकरी माणूस. त्यांना मुलीचं कौतुकही होतं आणि मुलीची धास्तीही होती. गावातल्या बायका मात्र खूश. नवऱ्याला न विचारता रेडिओ, मिक्सर, काय वाटेल ते पदराखाली झाकून घेऊन येता यायचं.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हेची! नवापूरकडच्या डोंगरातले एक काका आले. म्हणाले, आमचा प्लेअर आडवा ठेवला की बंद आणि उभा केला की चालू. त्यांनी तो भिंतीला खिळा ठोकून देवाच्या फोटोसारखा टांगला होता आणि दोन वर्षं नाताळची गाणी तशीच ऐकली होती. तक्रार काय, तर आता खिळा सैल झालाय. दुसऱ्या एका बाईंनी ट्रे अडकतो म्हणून आत खोबरेल तेल ओतलं होतं, चांगलं वाटीभर. मी झाकण उघडलं तर घमघमाट सुटला. मशीन धुऊन पुसून चालू केलं, पण त्या लेन्सने पुढे सगळी चित्रं धूसरच दाखवली. बाई म्हणाल्या, राहू द्या, त्यात नट्या जास्त गोऱ्या दिसतात.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, पोह्यांच्या कृतीपेक्षा सोपं आहे. डिस्क प्लेअरमध्ये एक ट्रे असतो, चकती गरगर फिरवणारी मोटर असते आणि चकतीच्या खालून वर बघणारी एक बारकी लेन्स असते, लाल उजेड टाकणारी. चकतीच्या चकचकीत बाजूवर जे लिहिलेलं असतं, ते ही लेन्स वाचते. चकती फिरली नाही किंवा लेन्सला वाचता आलं नाही, की पडद्यावर दोन शब्द येतात, 'नो डिस्क'. म्हणजे चकतीच नाही. आपण डोळ्यांदेखत चकती घातलेली असते आणि मशीन म्हणतं, नाही घातली. माणसाला संताप येतो तो इथे.

पण मशीन बनवणाऱ्यांनी आतच एक तपासणी भरून ठेवलेली असते. ट्रे उघडा ठेवायचा आणि रिमोटवरचे ठरावीक आकडे एका दमात दाबायचे. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. मला त्या खुणा सुरतेच्या बाजारात एका पार्टवाल्याने चहा पिता पिता सांगितल्या, कारण त्याला वाटलं, ही बाई काय लक्षात ठेवणार! आकडे बरोबर बसले की मशीन आपलं आपण एकेक अवयव हलवून दाखवतं. ट्रे बाहेर, आत. लेन्स पुढे, मागे. लाल दिवा लागला, विझला. लेन्स जागच्या जागी वरखाली उड्या मारते, चकती शोधते. मोटर फिरते. प्रत्येकापुढे पडद्यावर पास की नापास, ते येतं. डॉक्टर म्हणतो ना, जीभ काढा, आ करा, खोकून दाखवा, तसं. यात आणखी एक तपासणी असते, कायम फिरणारी. कधी चालतं, कधी चालत नाही अशा मशीनला मी ती लावून द्यायची. ट्रे तासन्‌तास आतबाहेर करत राहतो आणि कुठे अडतो ते सापडतं.

तर तो दिवस. मला बघायला कळसाडीहून पाहुणे यायचे होते. त्याआधीच्या एका पाहुण्यांनी मला नाकारलं होतं. निरोप धाडला होता, "आमले सून पाहिजे, मिस्तरी नही." तेव्हापासून आईने धसका घेतला होता. या वेळी तिने सक्त ताकीद दिली, "मशीनना शब्द बी तोंडमाईन काढू नको. पान्हा नही, पेचकस नही. इचारं तर सांग, शिवनकाम येस." मला तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. पण आईचे डोळे भरून आले होते, म्हणून मी मूग गिळून बसले.

दुकान झाकायचं कसं? आईने तिची जुनी अंजिरी साडी काढली आणि ओट्यावरच्या माझ्या अख्ख्या टेबलावर पसरून टाकली. मशीन, डबे, वायरी, सगळं खाली. वरून तांब्या ठेवला, पानपुडा ठेवला. पाहुणे ओट्यावरून घरात येतील तेव्हा त्यांना वाटावं, धान्याची कोठी आहे.

पाहुणे आले. मुलाचे वडील, त्यांना मी पाहुणेच म्हणते. मुलाची आत्या, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, त्या सोनाफुई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि नजर अशी की दुधाने नासायचं थांबावं. मुलाची वहिनी, उज्ज्वला, तिचा नवरा जीप राखत बाहेरच बसला. आणि मुलगा दिनेश. मी दाराच्या फटीतून बघत होते. मुलगा बरा होता. नुसता बराच होता, पुढचं ऐका.

फुई ओट्यावर थबकल्या. अंजिरी साडी हलत होती. एका कोपऱ्यात पुढे यायची, मागे जायची. पुढे, मागे. मला घामच फुटला! सकाळी एका गिऱ्हाइकाच्या मशीनला कायम फिरणारी तपासणी लावून दिली होती आणि गडबडीत ते बंद करायचं राहून गेलं होतं. साडीखाली ट्रे आपला इमानेइतबारे आतबाहेर करत होता.

"हाई काय शे?" फुईंनी विचारलं.

"मांजर शे," नाना म्हणाले. नानांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे ते बोलायला लागले की थांबत नाहीत. "व्यायेल शे. पिलं शेतस. दूध पाजी ऱ्हायनी."

मांजर घड्याळाच्या ठोक्याने दूध पाजत होती. सगळे साडीकडे बघत होते आणि दिनेश मात्र खाली बघत होता. त्याचे खांदे हलत होते. त्याला कळलं होतं! ओठ दाबून, नाक लाल करून तो माणूस हसू गिळत होता, आणि कुणाला सांगत नव्हता. त्या क्षणी मी मनात म्हटलं, सुरेखा, हा हातचा घालवू नकोस. सांगायला लाज कसली? मला तो आवडला. मला तेच लग्न हवंसं झालं.

पोहे झाले, शेव झाली, चहा झाला. नाव-गाव-शिक्षण झालं आणि मी पुन्हा दाराआड गेले. मग फुईंनी मांडीवरची लाल खणाची पुडी उघडली. आत एक चकती होती. वरच्या बाजूला उज्ज्वलावहिनी आणि तिच्या नवऱ्याचा लग्नातला फोटो छापलेला. आमच्याकडे ही तेव्हाची रीत. आमच्या घरी लग्नं कशी होतात, किती मांडव, किती मानपान, ते मुलीकडच्यांना दाखवायचं म्हणून मोठ्याच्या लग्नाची चकती धाकट्याच्या बघण्याला न्यायची. फुई स्वतः उठल्या, चकतीला नमस्कार केला आणि आमच्या प्लेअरमध्ये घातली.

ट्रे आत गेला. मशीन गुरगुरलं. नो डिस्क.

पुन्हा घातली. नो डिस्क.

आता ओट्यावरच्या मांजरीचा आवाजही खोलीत ऐकू यायला लागला. खर्र, खट. खर्र, खट.

नाना हात जोडून उभे. "आम्हनं मशीनच जुनं शे, पाव्हणा. तुम्हनी चकतीना काय दोष! माफी करा." मुलीकडच्यांचं असंच असतं. पाहुण्यांना उचकी लागली तरी आमचं पाणी वाईट.

फुईंनी चकती पुन्हा खणात गुंडाळली आणि एक सुस्कारा टाकला. "दोन घरं व्हयनात. तठे बी चकती चालनी नही. जठे चालई, तठेच आम्हनी सून. देवनी खूण समजानी." पाहुण्यांनी टोपी उचलली. "बरं, घर जाईसन निरोप धाडतस."

घरी जाऊन निरोप धाडतो म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. धाडत नाहीत. उज्ज्वलावहिनीचं तोंड उतरलं. दिनेशने एकदा दाराच्या फटीकडे बघितलं. आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एक तर माझं लग्न मोडत होतं, आणि वर माझ्या मशीनला जुनं म्हणत होते! त्या प्लेअरची लेन्स मीच बदललेली, मागच्याच महिन्यात. माझ्या हातचं मशीन आणि नो डिस्क? गप्प बसले तर मुलगा जातो. बोलले तर मिस्तरी म्हणून जातो. नाहीतरी जाणारच आहे, तर मशीनची अब्रू घेऊन का जाऊ द्यायचा?

मी पदर खोचला आणि बाहेर आले. "पाव्हणा, बठा. मशीन खराब शे का चकती, ते मशीनलेच इचारूत."

आईने दाराआड "अय माय व!" केलं. मी रिमोट घेतला, ट्रे उघडला आणि आकडे दाबले. पडद्यावर निळी पाटी आली, तपासणी सुरू.

ट्रे आपला आपण बाहेर आला, आत गेला. पास. फुई दोन पावलं मागे सरकल्या. "कोन करी ऱ्हायनं हाई?"

"कोनीच नही. ते सोतानं आंग सोता तपासी ऱ्हायनं," मी म्हटलं. लेन्स पुढे, मागे, पास. दिवा लागला, पास. दिनेश गुडघ्यावर बसून बघायला लागला. पाहुणेही टोपी हातात धरून पुढे झाले. मग लेन्सच्या उड्यांची पाळी आली. एक उडी, दोन उड्या, आणि पडद्यावर आलं नापास.

"दखा!" फुई म्हणाल्या. "मशीनच खराब निंघनं!"

माझं तोंड एवढंसं झालं. पण लेन्स नवी, ती उड्या मारतेय, मग वाचता का येत नाही? उत्तर एकच. तिच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. झाकण उघडायला हवं होतं, आणि पेचकस, म्हणजे माझा स्क्रू ड्रायव्हर, होता साडीखाली. मी ओट्यावर गेले. आईने डोळे मिटून घेतले. मी तांब्या बाजूला ठेवला, पानपुडा बाजूला ठेवला आणि अंजिरी साडी ओढून काढली.

फुईंनी बघितलं. रेडिओ, मिक्सर, वायरींची भेंडोळी आणि मधोमध आपला ट्रे आतबाहेर करणारं मशीन.

"हाई मांजर का?" पाहुण्यांनी नानांना विचारलं.

नाना म्हणाले, "पिलं बी तठेच शेतस." आणि मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. दिनेशने आता हसू गिळणं सोडून दिलं होतं. तो खांबाला धरून हसत होता.

मी खोलीत येऊन झाकण काढलं, कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि लेन्सवरून हलकेच फिरवली. काडी लाल झाली.

आता बघा. लेन्सवरची घाण मी हजारदा पुसलीय. चुलीच्या धुराची काळी, तंबाखूची तपकिरी, एकदा लोणच्याच्या मसाल्याची पिवळी. लाल कधी नव्हती. मी काडी नाकाशी नेली, बोटावर घासली. अहो, हे तर कुंकू!

लेन्स लख्ख पुसून मी पुन्हा तपासणी लावली. उड्या पास, मोटर पास, सगळं पास. मग आमची अहिराणी गाण्यांची चकती घातली. ढोल असा दणाणला की पाहुण्यांचा पाय ताल धरायला लागला. म्हटलं, "मशीन पास. आते चकती दावा."

मोठं धाडसाचं बोलणं होतं ते. पाहुण्यांची चकती नापास म्हणणं म्हणजे पाहुण्यांचं लग्नच नापास म्हटल्यासारखं. फुईंनी नाखुशीनेच खण उघडला. चकती मी उलटी केली.

चकचकीत बाजूवर, मधल्या भोकाभोवती, हे एवढं मोठं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक! एक नाही, थरावर थर. वाळलेल्यावर ओलं, ओल्यावर वाळलेलं.

"फुई, हाई कोनी काढं?"

"मी!" फुई ताठ. "चकती घरमाईन बाहेर निंघनी का पूजा करीसनच निंघस."

"पन चमकती बाजूले काबर?"

"मंग कोठे काढू? मांगना बाजूले त्या दोघासना फोटो शे. फोटोले कुंकू कव्हय लावतस, समजस ना तुले? माणूस गया का लावतस! मन्हा भाचा धडधाकट शे!"

आणि फुईंचं बरोबर होतं की! जिवंत जोडीच्या फोटोला कुंकू लावायचं नाही, राहिली दुसरी बाजू, आणि ती तर चमकणारी, म्हणजे तेच चकतीचं तोंड. हिशेबात कुठेच चूक नाही, फक्त लेन्स त्याच तोंडाने वाचते. दोन घरांनी आपापल्या मशीनला दोष देऊन माफी मागितली होती, आणि चकती उलटी करून बघायची हिंमत कुणाला झाली नव्हती. त्या घरांतली लेन्ससुद्धा अजून लाल असेल.

"काय नही," मी उत्साहात म्हणून गेले, "एवढं कुंकू पुसं का चकती चालस."

उचलली जीभ लावली टाळ्याला! बोलले आणि कळलं, काय बोलले ते. आमच्यात कुंकू पुसतात ते कुणाचा नवरा गेल्यावर. आणि ही चकती होती उज्ज्वलावहिनीच्या लग्नाची. तिचा नवरा बाहेर जीपमध्ये बसून शेव खात होता!

फुई उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, उतरला, आणि ते जास्त भयंकर होतं. "सवाशिनना लगीनवरनं कुंकू पुसाले सांगस तू? सोयरीकना घरमा?" आईला रडूच कोसळलं. नानांनी भिंतीला हात लावला. पाहुणे दाराकडे वळले. गेलं, म्हटलं. मशीन वाचलं आणि मी बुडाले.

तेवढ्यात उज्ज्वलावहिनी बोलली. दिवसभरात पहिल्यांदा.

"फुईबा, मी मन्हं लगीन अजून दखेल नही."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती मुंडी खाली घालूनच बोलत होती, पण थांबत नव्हती. लग्नात मान वर करता आली नाही. अंतरपाटापलीकडे काय चाललंय ते दिसलं नाही. चकती घरी आली तेव्हा ती माहेरी होती. पुरुषांनी बघून घेतली, बायका स्वयंपाकात होत्या. ती परत आली तोवर पूजा सुरू झाली होती आणि घरचं मशीन नादुरुस्त म्हणून कोपऱ्यात पडलं होतं. "लोके सांगतस, मन्ही मिरवणूक भलती भारी व्हती. मी कोनले इचारू, कशी व्हती?"

मग तिने समोरच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, चकती माझ्या हातातून घेतली, स्वस्तिकावर बोट टेकवलं आणि ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं.

"पुसं कोठे?" ती म्हणाली. "मन्हं शे, मी लावी लिनं."

अय माय व, माझ्या अंगावर काटा आला! पण काट्याबरोबर दुसरीच चिंता. ती बोट गोल फिरवत होती. मी ओरडले, "वहिनी, गोल नको! मधमाईन बाहेर, सरळ! गोल घासं का ओरखडा पडतस!"

फुईंनी माझ्याकडे बघितलं, चकतीकडे बघितलं, वहिनीच्या कपाळाकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मोठा खटला चालू होता. शेवटी त्यांनी निकाल दिला, "लावाले हरकत नही." आणि स्वतःच बोट ओलं केलं. मग आई डोळे पुसत आली. शेजारणी तर कधीच्याच खिडकीला लागलेल्या होत्या, त्या आत घुसल्या. गल्लीतल्या साऱ्या सवाष्णी ओळीने आल्या, बोट ओलं केलं, मधून बाहेर सरळ ओढलं, कपाळाला लावलं. मी चकती धरून ट्रॅफिक पोलिसासारखी उभी. "सरळ, काकू, सरळ! नख नको लावू! वहिनी, तुन्ही अंगठी काढ आधी!" दिनेश पाण्याची वाटी धरून बसला होता आणि पाणी कमी हसू जास्त सांडत होता.

शेवटी नुसती गुलाबी झाक राहिली. ती बोटाला येईना. मी फुईंकडे बघितलं. फुईंनी चकती डोळ्यांजवळ नेली. "आते हाऊ नुसता डाग शे," त्या म्हणाल्या. "डाग पुसाले हरकत नही." मी मऊ सुती कापडाने डाग पुसला.

ट्रे उघडला. चकती घातली. ट्रे आत गेला. मशीन गुरगुरलं, आणि मी आयुष्यात कधी कुठल्या मशीनपुढे हात जोडले नाहीत, ते तेव्हा जोडले.

सनई वाजली!

उज्ज्वलावहिनी पडद्याच्या इतकी जवळ जाऊन बसली की तिचा नवरा जीपमधून उठून आला. आधी मांडव. मग हळद. मग मिरवणूक. बँड, घोडा, धूळ, आणि घोड्यापुढे, सगळ्यांच्या मधोमध, नऊवारीचा काष्टा खोचून, दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, देहभान हरपून नाचणाऱ्या कोण? सोनाफुई!

"फुई नाची ऱ्हायनी!" दिनेश ओरडला.

"मी नही ती!" फुई म्हणाल्या. पडद्यावर फुईंनी बँडवाल्याची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली. घर हसून हसून लोळायला लागलं. आई रडता रडता हसत होती, नाना खाटेवर पडून हसत होते. पाहुण्यांनी डोळे पुसले. "आम्हले तव्हयपाईन माहीत व्हतं, अक्का," ते बहिणीला म्हणाले. "सांगानी हिंमत नही व्हयनी."

फुई पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. मिरवणूक संपली तसं हळूच म्हणाल्या, "मांगे ली ना जरासं." मी मागे घेतलं. त्यांनी स्वतःला पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं. उज्ज्वलावहिनीचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

हसणं ओसरलं. आता काय? मशीन पास झालं, चकती पास झाली, वहिनीचं लग्न पास झालं. माझं? टेबल उघडं पडलेलं. हातात पेचकस. अंगावर स्पिरिटचा वास. शिवणकाम येणारी मुलगी त्यांना कुठेच दिसत नव्हती. पाहुणे उठले. टोपी घातली. नानांच्या हातात हात दिला आणि म्हणाले, "घर जाईसन निरोप धाडतस."

तेच वाक्य. मी मान खाली घातली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. तो मुलगा मला हवा होता, आणि पेचकसही हवा होता, आणि दोन्ही मिळत नसतात हे मला आईने कितीदा सांगितलं होतं. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी ओट्यावर जाऊन टेबलावरचं ते बिचारं मशीन बंद केलं.

मागून बांगड्या वाजल्या. सोनाफुई जीपमधून उतरून परत आल्या होत्या. एकट्याच. त्यांनी टेबलावरच्या एकेका वस्तूला बोट लावून बघितलं. मग विचारलं, "हाई समदं चालाडाले लाईट लागस ना, पोरी?"

"लागस."

"आम्हना कळसाडीमा लाईट लपंडाव खेयस. येस, जास. कव्हय कमी, कव्हय जास्ती." त्यांच्या कपाळावर आठी होती, खऱ्या काळजीची. "तुन्हं दुकान तठे कसं चालई?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी मान वर केली. जीपमधून दिनेश मान बाहेर काढून इकडेच बघत होता.

"स्टॅबिलायझर लावसू," मी म्हटलं.

"ते लावं का भागस?"

"भागस, फुई."

"मंग कपाय पुढे कर," फुई म्हणाल्या. त्यांचं बोट अजून लाल होतं.

मी कपाळ पुढे केलं.